‘विंडोज टाका’ म्हणजे नेमके काय करा?

रामबागकर : इंदूरच्या आमच्या मंडळातील ज्येष्ठांसाठी मी लिनक्सची, म्हणजे विंडोजसारख्याच संगणक चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीची, एकपानी ओळख लिहिली. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली हव्या असतील तर विंडोज आधी आणि लिनक्स नंतर, हा क्रम सांगावा लागतो, कारण विंडोज मागाहून आले की संगणक सुरू होताना पहिला मान स्वतःकडे घेते आणि लिनक्स निवडण्याची यादी दिसेनाशी होते. म्हणून मी लिहिले, ‘आधी विंडोज टाका, मग लिनक्स टाका.’ पुण्याहून नुकतेच राहायला आलेल्या एका काकांनी ते ‘टाकून द्या’ असे वाचले, संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला आणि नातवाच्या मुंजीचे फोटो गमावले. बिनधोक शब्द कोणता?

निवृत्त शिक्षिका : हा हिंदीतल्या ‘डालना’चा प्रताप आहे. मी लग्न होऊन माळव्यातून नगरला गेले तेव्हा ‘भाजीत मीठ टाकले’ म्हटले की सासूबाई विचारीत, ‘कुठे टाकलेस, उकिरड्यावर?’ मीठ घालतात, टाकतात तो कचरा. ‘विंडोज घाला’ असे लिहावे.

शंकेखोर : पत्र पेटीत टाकतात आणि पैसे बँकेत टाकतात, त्यांचा कचरा होत नाही. शिवाय बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्राच्या व्याकरणात अपभ्रंश या जुन्या भाषेतील एका दोह्यात समुद्र गवत वर धरतो आणि रत्ने तळाशी ‘घल्लइ’, म्हणजे फेकतो. आपले सोवळे ‘घालणे’ मुळात फेकणेच आहे, आणि ‘घालवणे’ तर आजही गमावणेच आहे.

निवृत्त शिक्षिका : बाराव्या शतकातला अर्थ माझ्या फोडणीत नको.

जुना अनुवादक : काही मराठी अनुवादांत ‘प्रतिष्ठापित करा’ असे असते, पण त्यासाठी गुरुजींना बोलवावे लागेल. नळ बसवतात, गणपती बसवतात, तसे लिनक्सही ‘बसवावे’. मात्र नको झालेली प्रणाली ‘काढून टाका’ असेच म्हणावे लागते, तेव्हा टाकण्यातून पूर्ण सुटका नाही.

शंकेखोर : ‘बसवले’ म्हटल्यावर आमच्याकडे ‘संगणक बसला का?’ असे विचारतील.

जुना अनुवादक : शब्द सावकाश ठरवा, पण काकांना त्या संगणकावर काहीही नवीन साठवू देऊ नका. पुसलेल्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर दुसऱ्या संगणकावर तयार केलेला पेनड्राइव्ह टाकून, त्यावरूनच लिनक्स सुरू करून फोटोरेक हा पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवल्यास बरेच फोटो परत मिळू शकतात.

निवृत्त शिक्षिका : पेनड्राइव्ह लावतात.