रेझिडेंट ईव्हिल २ च्या गटारात अडकलोय, पाण्यातून जाऊ कसा? आणि १५०० च्या आत हेडफोन सुचवा

शून्य_ठणठणाट:
मंडळी सल्ला हवाय. सेलमध्ये रेझिडेंट ईव्हिल २ या झोंबीवाल्या हॉरर गेमचा रीमेक घेतला, २०१९ चा. लिऑन हा हिरो घेऊन स्टँडर्ड, म्हणजे मधल्या लेव्हलवर खेळतोय. पोलीस स्टेशन झालं, मगर झाली, एडा नावाच्या बाईचा भाग पण झाला. आता गटाराच्या खालच्या मजल्यावर कमरेएवढ्या पाण्यात ते जी-अ‍ॅडल्ट नावाचे लिबलिबीत प्रकार आहेत तिथे अडकलोय. लांबून काही दिसत नाही, जवळ गेलं की पाण्यातून वर येतात, धरतात, विष चढतं आणि पुढचं तुम्हाला माहितीच आहे. शिल्लक: शॉटगनच्या ६ गोळ्या, पिस्तुलाच्या २०-२२, एक निळी हर्ब (औषधी पाला), सुरी मोडायला आलीये.
दुसरं, रात्री घरचे झोपल्यावर खेळतो, टीव्हीचा आवाज एकदम बारीक ठेवावा लागतो त्यामुळे कोण कुठून येतंय कळत नाही. हेडफोन घ्यायचाय, बजेट १५००, एक रुपया वर नाही. सुचवा.

बोरिवली_फास्ट:
भावा १५०० मध्ये हेडफोन येत नाही, हेडफोनचा डबा येतो. मी मागच्या दिवाळीला ९ हजारांचा ओपन बॅक घेतला, पाण्याचा थेंब कुठल्या भिंतीवरून पडला ते सांगतो. थोडं थांब, पैसे साठव, एकदाच चांगलं घे.

शून्य_ठणठणाट:
दादा बजेट लिहिलंय वर.

जुनं_खोड:
तुम्ही हल्लीची मुलं कशाला घाबरता कळत नाही. आम्ही १९९८ चा ओरिजिनल खेळलो, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या दोन सीड्या, एक लिऑनची एक क्लेअर या हिरोइनची. कॅमेरा फिरवता यायचा नाही, वळणापलीकडे काय आहे ते फक्त आवाजावरून ओळखायचं. त्यात गटारात मोठे कोळी होते. मगरीला एकाच गोळीत उडवायचो, तिच्या तोंडात गॅसचा सिलेंडर अडकला की मारा गोळी, संपलं. रीमेकमध्ये नुसतं पळत सुटायचं. याला काय खेळ म्हणायचं.

मेधा_न्यूजर्सी:
काका मगरीचा प्रश्नच नाहीये, तो मगर पार करून आलाय.
शून्य, मी हार्डकोअर या सगळ्यात कठीण लेव्हलवर संपवलाय हा गेम, तिथे तर सेव्ह करायला पण इंक रिबन नावाची वस्तू लागते, तेव्हा नीट ऐक. एक, मारत बसू नको. ते पाण्यात उभे असतात तोवर संथ असतात, हात उगारेपर्यंत थांबायचं, वार हुकला की बाजूने भिंतीला लागून निघून जायचं. दोन, मारायचंच असेल तर अंगावर जो मोठा केशरी डोळा दिसतो तिथेच मार, बाकी अंगावर गोळ्या म्हणजे पाण्यात पैसे. तीन, ती निळी हर्ब विष चढल्यावर खायला ठेवू नको. कुठे लाल असेल तर लाल आणि निळी एकत्र कर आणि पाण्यात उतरायच्या आधी खा, मग थोडा वेळ विष लागतच नाही आणि मार पण कमी बसतो.

तिखट_शेव:
+१ मेधाताई. निळी हर्ब विषावर चालते.

बोरिवली_फास्ट:
निळी हर्ब विषावर चालते हे बरोबर. पण आवाज नीट असेल तर विष चढायची वेळच येत नाही, म्हणून म्हणतोय हेडफोन.

ड्रेनेज_दिगंबर:
मी या क्षेत्रातला माणूस आहे, सांडपाण्याच्या लाइन टाकायचं काम करतो, त्यामुळे हा गेम पुतण्याने दाखवला तेव्हा आधी हसूच आलं. अमेरिकेतल्या एका मध्यम शहराखाली एवढे हॉल, एवढे पूल, लिफ्ट, कर्मचाऱ्यांना बसायला खोल्या?? आपल्याकडच्या बहुतेक लाइन तर माणूस वाकूनही जाणार नाही एवढ्याच असतात. आणि तो हिरो तिथे फ्लेमथ्रोअर चालवतो! गटारात मिथेन साठतो, तो पेटतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो, कमी असताना सडक्या अंड्याचा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला, बरं झालं. म्हणून आम्ही झाकण उघडून आधी गॅस मीटर सोडतो, मग बाकीचं. माणसाला आत उतरवू नये यासाठी २०१३ चा कायदा आहे तरी बातम्या येतातच दरवर्षी. तो लिऑन साधा मास्क पण घालत नाही.

तिखट_शेव:
दिगंबरभाऊ गेम आहे हो. तिथे डोळेवाला राक्षस चालतो आणि मिथेन नको?

ड्रेनेज_दिगंबर:
राक्षस चालेल. गॅस मीटरशिवाय उतरणारा नाही चालणार.

मेधा_न्यूजर्सी:
😄 पण बरं झालं फ्लेमथ्रोअरचा विषय निघाला. शून्य, तुला मिळाला का तो? लिऑनला त्या सप्लाय स्टोरेज रूमकडेच मिळतो, राजा आणि राणीचे प्लग (मॉनिटर रूमचं दार उघडायला लावायचे ते) पण तिकडेच आहेत. म्हणजे जाताना चुकवत जायचं आणि येताना जाळत यायचं. आग हाच त्यांच्यावरचा खरा उपाय.

शून्य_ठणठणाट:
नाही मिळाला अजून, तिथपर्यंत पोचतच नाहीये ना. आणि ते प्लगचं काय, बुद्धिबळाचे सहा आहेत आणि मला तर ती मॉनिटर रूमपण कुठे आली होती आठवत नाही.

आडवा_उंट:
नकाशा उघड रे. या गेमचा नकाशा म्हणजे अर्धा गेम आहे आणि लोक बघत नाहीत. खोली लाल असेल तर आत अजून काहीतरी घ्यायचं राहिलंय, निळी झाली की तिथलं सगळं झालं, परत पाय ठेवायची गरज नाही. आणि ज्या किल्लीवर किंवा हँडलवर लाल टिकची खूण येते ती फेकून दे, तिचं काम संपलं. अर्धे लोक टी-बारचं (व्हॉल्व्ह फिरवायचं) हँडल उगाच घेऊन हिंडतात आणि मग हर्ब ठेवायला जागा नाही म्हणून रडतात. वरच्या मजल्यावर लाल खोल्या राहिल्या असतील तर आधी तिकडे जाऊन ये, गनपावडर मिळेल, गोळ्या बनव, मग उतर खाली. ट्रीटमेंट पूलच्या खोलीत तिजोरी पण आहे, डावीकडे २, उजवीकडे १२, परत डावीकडे ८.

जुनं_खोड:
तिजोरीचा नंबर सांगून टाकला, मग स्वतः काय शोधायचं त्याने? आम्ही वहीत नकाशे काढायचो.

आडवा_उंट:
काका तुमच्या वहीला नमस्कार, पण त्याने मदत मागितलीये. आणि प्लगची उत्तरं मी मुद्दाम नाही दिली, ती त्या मॉनिटर रूमच्या भिंतीवरची खूण बघून जमतात.

पुणेरी_पाटी९:
कुणाला राग येईल पण गटाराची लेव्हल म्हटली की रेझिडेंट ईव्हिल २ ची खूपच सभ्य आहे. व्हँपायर द मास्करेड ब्लडलाइन्स खेळा, २००४ चा, त्यात हॉलीवूडच्या गटारात माणूस म्हातारा होतो. बोलून बोलून कामं काढणारं कॅरेक्टर बनवलं असेल तर तिथे कुणी बोलायलाच येत नाही, नुसती मारामारी. एल्डन रिंगमध्ये लेंडेल शहराखालचे ते पाइप, एकदा आत घुसलो तर वर यायचा रस्ताच सापडेना. त्यामानाने ऑब्लिव्हियनचं गटार बरं, शेवटी दाराशी विचारतात तरी कॅरेक्टर बदलायचंय का.

तिखट_शेव:
पुणेरी भाऊ, त्याने हेडफोन विचारलाय. 😐

पुणेरी_पाटी९:
हेडफोन लागत नाही. गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये व्हर्च्युअल सराउंड आहे, त्याने आवाज कुठून येतोय ते कळतं, हेडफोनसाठीच दिलाय, तो चालू करा, मग मोबाइलबरोबर आलेला इअरफोन पण पुरतो. सुरुवातीला ब्राइटनेस सेट करायला सांगतात तो पण लोक घाईत पुढे ढकलतात आणि मग म्हणतात पाण्यात दिसत नाही. ९ हजार कशाला घालवायचे.

बोरिवली_फास्ट:
मोबाइलचा इअरफोन 😂 एकदा माझा घालून बघा म्हणजे कळेल. आणि हो, व्हर्च्युअल सराउंड मीपण चालूच ठेवतो.

आई_आजूबाजूला:
मी पण रात्रीच खेळते, मुलगी झोपली की. शून्य, एक सांगते, ग्रेनेड असतील तर टाकू नकोस, सब वेपनला, म्हणजे पकडीतून सुटायच्या हत्याराच्या जागी, लावून ठेव. धरलं की तोच ग्रेनेड त्याच्या तोंडात कोंबता येतो. सुरी पण तशीच चालते पण तुझी मोडायला आलीये म्हणतोस, मग ती एका मिठीपुरतीच धर. आणि पूर्ण गळ्याशी आलं तर असिस्टेड हा सोपा मोड कर, निशाणा आपोआप लागतो, तब्येत पण थोडी थोडी भरून येते. लाज कसली त्यात, मी तसाच संपवला. त्या शेवटच्या क्रेनच्या कंटेनरने मोठ्या जी नावाच्या राक्षसाला ढकलून पाडायचं ना तिथे मला जाम मजा आली.

जुनं_खोड:
असिस्टेड!! मग यूट्यूबवर बघावं की.

आई_आजूबाजूला:
बघते ना, चपात्या लाटताना.

मेधा_न्यूजर्सी:
काकांकडे दुर्लक्ष. शून्य काय झालं? गेलास का पार?

शून्य_ठणठणाट:
सगळ्यांचे आभार, मनापासून. आडवा उंट यांच्या नकाशाच्या टिपने वर दोन लाल खोल्या सापडल्या, गनपावडर मिळाली, एक लाल हर्ब पण. मेधाताईंनी सांगितलं तसं मिश्रण खाऊन उतरलो, पहिल्याला चुकवला, दुसऱ्याने मिठी मारली, सुरी मोडली, तरी पोचलो असतो पण तेवढ्यात आई उठून आली एवढ्या रात्री कुणाशी बोलतोयस म्हणून.
शेवटी असा निर्णय घेतलाय की लिऑन इथेच ठेवतो आणि क्लेअर घेऊन पहिल्यापासून सुरू करतो. तिच्याकडे ग्रेनेड लाँचर येतो, आगीचे राउंड मिळतात, गटारात येईपर्यंत साठवून ठेवीन.

मेधा_न्यूजर्सी:
अरे ए! फ्लेमथ्रोअर दोन दारांवर आहे तुझ्या!

आडवा_उंट:
नको रे. आता क्लेअर म्हणजे परत सगळं पोलीस स्टेशन, परत मिस्टर एक्स, तो उंच राक्षस, मागे लागणार. गटारात निदान तो तरी नाही.

तिखट_शेव:
+१. क्लेअर नको आत्ता.

शून्य_ठणठणाट:
मिस्टर एक्सशी माझं जमतं. बूट वाजवत येतो, लांबून कळतं, आणि कोरडा असतो.

बोरिवली_फास्ट:
हेडफोन कुठला घेतलास मग?

शून्य_ठणठणाट:
बहिणीचा ढापलाय. १५०० चा दुसरा गेम घेतला.