मदत हवी आहे : शिलालेखांच्या छायाचित्रणासाठी गॅलॅक्सी एस २५ अल्ट्रा घ्यावा की एस २४ अल्ट्रा?

नमस्कार मंडळी,

सॅमसंगने गॅलॅक्सी एस २५ अल्ट्रा २२ जानेवारी २०२५ रोजी सॅन होजे येथे सादर केला आणि ७ फेब्रुवारीपासून त्याची सर्वसाधारण विक्री सुरू झाली. पाडव्याच्या सुमारास फोन घेण्याचा माझा विचार आहे. हा नवा फोन घ्यावा की आदल्या वर्षीचा एस २४ अल्ट्रा, हे मात्र तपशिलांचे तक्ते वाचून ठरत नाही. म्हणून ज्यांनी यांपैकी एक किंवा दोन्ही फोन प्रत्यक्ष वापरले आहेत, त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे.

आधी काम कोणते ते सांगतो. मी वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड), गधेगळ (दानाचा भंग करणाऱ्याला शाप देणारे, गाढवाचे चित्र कोरलेले दगड) आणि शिलालेख यांची छायाचित्रे वाचनासाठी घेतो. झिजलेली अक्षरे समोरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाहीत. दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असा तिरका प्रकाश टाकला, तरच खोदलेल्या रेषांत सावली धरते आणि अक्षर उठून दिसते. त्यामुळे गावाबाहेरच्या वीरगळांचे काम बहुधा अंधार पडल्यावर, फोन ट्रायपॉडवर लावून आणि हातात विजेरी घेऊन चालते. विजेरी एकेका दिशेने धरायची आणि दर वेळी एक छायाचित्र घ्यायचे. या सगळ्यात फोन जराही हलता कामा नये, कारण पुढे ती छायाचित्रे एकमेकांवर ठेवूनच संशयित अक्षराचा निर्णय करावा लागतो.

सध्या माझ्याकडे २०२२ चा एस २२ अल्ट्रा आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या एस पेन या लेखणीचे बटण दाबून मी फोनला हात न लावता, दगडाच्या दुसऱ्या अंगाला उभा राहून छायाचित्र घेतो. एस २४ अल्ट्राच्या पेनमध्ये ही सोय कायम आहे. एस २५ अल्ट्राच्या पेनमधून मात्र ब्लूटूथ काढून टाकले आहे. लिहिणे आणि रेखाटणे पूर्वीसारखेच चालते, परंतु दुरून कॅमेरा चालवता येत नाही. बहुतेक परीक्षणांनी हा बदल एका ओळीत उरकला आहे आणि सर्वसाधारण वापरासाठी ते योग्यही असेल, पण माझ्यासाठी हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे. दोन किंवा पाच सेकंदांचा टायमर लावता येतो हे मला ठाऊक आहे, पण तो सुरू करताना पडद्याला बोट लावले, की तेवढ्यानेही चौकट सरकते. वेगळे मिळणारे ब्लूटूथ रिमोट नेहमीच्या कॅमेऱ्यात चालतात; ते सॅमसंगच्या ‘एक्स्पर्ट रॉ’ या, कमी प्रक्रिया केलेली कच्ची (रॉ) फाईल देणाऱ्या वेगळ्या अ‍ॅपमध्येही भरवशाने चालतात का, हे कोणी वापरून पाहिले असल्यास अवश्य सांगावे.

दुसरा प्रश्न दूरच्या लेखांचा आहे. मुंबईतल्या कान्हेरी लेण्यांत पाण्याच्या टाक्यांवर किंवा ओवरीच्या भिंतीवर उंच कोरलेले, ब्राह्मी या प्राचीन लिपीतले लेख असतात. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी आगाऊ परवानगी लागत असल्याने तेथे फोन हातातच धरावा लागतो. एस २२ अल्ट्रामध्ये १० मेगापिक्सेलची खरी १० पट (सॉफ्टवेअरने नव्हे, भिंगानेच दूरचे जवळ आणणारी) लेन्स आहे. एस २४ अल्ट्रापासून तिच्या जागी ५० मेगापिक्सेलची ५ पट लेन्स आली. १० पटींसाठी फोन तिच्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा मधला चतुर्थांश भाग, म्हणजे सुमारे १२.५ मेगापिक्सेल, कापून घेतो. जुन्या लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे) एफ/४.९ होते आणि नवीचे एफ/३.४ आहे, म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच क्षेत्रावर सुमारे दुप्पट प्रकाश पडतो. पण नव्या सेन्सरचे पिक्सेल बरेच लहान असल्याने हा लाभ कितपत उरतो, हे गणिताने कळत नाही. माझी खरी भीती वेगळीच आहे. कमी उजेडात फोनचे सॉफ्टवेअर दगडाचा खरखरीतपणा पुसून रेषा गुळगुळीत करते किंवा नसलेली कड तयार करते. असे झाले, तर खडकाची चीर वेलांटीसारखी दिसू शकते, आणि वाचनासाठी याहून घातक काही नाही. ५ पट लेन्सची रॉ फाईल या बाबतीत किती प्रामाणिक असते?

एस २५ अल्ट्राच्या बाजूने माझ्या दृष्टीने एकच ठोस मुद्दा आहे. त्याची अल्ट्रावाइड (सर्वांत रुंद दृश्य टिपणारी) लेन्स १२ ऐवजी ५० मेगापिक्सेलची झाली आहे आणि अगदी जवळून छायाचित्र घेताना हे फोन याच लेन्सचा आधार घेतात. ताम्रपटावरच्या बारीक अक्षरांसाठी हा फरक जाणवण्याइतका आहे का? इतक्या जवळ गेल्यावर फोनची सावली पडते आणि कडा वाकतात, त्यामुळे मला थोडी शंका वाटते. विवो एक्स २०० प्रो या फोनमध्ये २०० मेगापिक्सेलची टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारी) लेन्स थोड्या अंतरावरूनही सूक्ष्म तपशील टिपते, असे वाचले आहे. त्यात पेन नाही, आणि जागेवरच अक्षरांचा ठसा पडद्यावर गिरवण्याची सवय मला सोडवत नाही; तरीही कोणाचा अनुभव असल्यास ऐकायला आवडेल.

बाकीच्या बाबी लवकर आटोपतात. बॅटरी दोन्हींत ५००० एमएएच आहे, आणि पडद्यावरचे प्रतिबिंब कमी करणारी काचही दोन्हींत असल्याने उन्हातला त्रास दोन्हींत कमी व्हावा. नवा फोन २१८ ग्रॅमचा, म्हणजे १४ ग्रॅमने हलका आहे. दोघांनाही सात वर्षे अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे एस २४ अल्ट्रा घेतल्यास एक वर्ष कमी मिळेल, एवढाच फरक. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी माझ्या निर्णयात येत नाहीत. किमतीचे म्हणाल, तर एस २५ अल्ट्रा २०२५ मध्ये २५६ जीबीसाठी १,२९,९९९ रुपयांना आणि ५१२ जीबीसाठी १,४१,९९९ रुपयांना आला होता. मेमरी कार्डाची सोय नाही आणि रॉ फाईल मोठ्या असतात, म्हणून मी ५१२ जीबीच घेईन.

शेवटी एक विनंती. यांपैकी कोणताही फोन हाताशी असल्यास, घरातल्या टाकी लावलेल्या (छिन्नीने टोचे मारलेल्या) दगडी पाट्यावर रात्री बाजूने विजेरी धरून, काही पावले दूर राहून ५ आणि १० पटींत एकेक छायाचित्र घ्यावे आणि शक्य असल्यास मूळ फाईलचा दुवा द्यावा. संदेशांच्या अ‍ॅपवरून पाठवलेल्या छायाचित्रात बारीक तपशील दाबला जातो आणि मला नेमका तोच पाहायचा आहे.