मदत हवी आहे: वयापेक्षा लई थोराड दिसायलोय, रोजच्या काय सवयी लावाव्या?

बांधावरचा_बंड्या
नमस्कार मंडळी, डायरेक्ट मुद्द्यावर येतो. पुढच्या महिन्यात परत एक बघायचा कार्यक्रम आहे. मागच्या वेळी पोरीच्या मामानं सगळ्यांसमोर विचारलं की बायोडाटात जन्मसाल बरोबर टाकलंय ना, आई तर घरी येईपर्यंत गप्पच होती. चेहरा रापलाय, डोळ्याच्या कडेला रेघा पडल्यात, कपाळावरच्या आठ्या जातच नाहीत अन् उजवीकडं जरा जास्तच खराब झालंय. पार्लर, लेझर असलं नको, तेवढा टाइम बी नाही आणि पैसा बी नाही. घरच्या घरी रोजच्या सवयी सांगा ज्यानं स्किन तरुण दिसंल. व्हिडिओ पाठवू नका, सगळे बघून झालेत, एकजण मनतो लिंबू लाव दुसरा मनतो लावू नको. जरा लवकर सांगा.

अंबडची_चिमणी
वय किती, काम काय, स्किन तेलकट का कोरडी, सध्या काय लावता? यातलं एक पण लिहिलं नाही. बायोडाटा पण असाच लिहिता का दादा 😄

गोदाकाठची_काकू
बाळा साबण आधी बंद कर. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, त्यात साय आणि चिमूटभर हळद, रोज आंघोळीच्या आधी चोळायचं. आमच्या सासूबाईंनी जन्मात तोंडाला साबण लावला नाही, पंच्याहत्तरी झाली तरी गाल बघावेत. आणि रात्री घाण्याचं करडईचं तेल दोन थेंब. घरची करडई असंल तर उत्तमच, नसंल तर मी सांगते कुठल्या घाण्यावर चांगलं मिळतं.

बांधावरचा_बंड्या
वय ३२. स्किन कसली ते काय माहीत, स्किनसारखी स्किन आहे. लावत काहीच नाही, दाढी झाली की तुरटी फिरवतो बस. काकू मी सकाळी सहाला घर सोडतो, पीठ कधी चोळू?

रिकामटेकडा_जालना
३२ चा असून पोरगी मिळंना तर दोष चेहऱ्याचा नाही भावा. शेती किती आणि नोकरी परमनंट का, ते सांग आधी.

मेडिकलवाली_ताई
उजवीकडं जास्त म्हणजे नक्की कसं? रेघा, का काळे डाग, का दोन्ही? त्याच कुशीवर झोपता का? उन्हात किती असता? तंबाखू, सिगरेट? विचारते कारण एकाच बाजूला जास्त असणं हे उगीच होत नसतं.

केशवर्धन_परभणी
कांद्याचा रस आठवड्यातून दोनदा, वर खोबरेल. माझं टक्कल पडायचं थांबलं.

बांधावरचा_बंड्या
@केशवर्धन केसांचं कुणी विचारलं?
@ताई रेघा बी आहेत अन् बारीक काळे ठिपके बी. झोपतो तर पालथा. उन्हात काय एवढा नसतो ओ, बियाण्याच्या कंपनीत आहे, दिवसभर गाडीतच असतो. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड असा एरिया आहे, काचा बंद अन् एसी चालू. सिगरेट कधीमधी, चहासोबत.

अंबडची_चिमणी
चहा दिवसात किती तेही सांगा म्हणजे कधीमधी किती ते कळेल.

मेडिकलवाली_ताई
अहो मग हेच पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं ना. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो आणि तुमची उजवी बाजू खिडकीला. ऊन भाजतं, कातडी लाल होते ते यूव्हीबी किरणांनी, ते काचेत बरंचसं अडतं. पण सुरकुत्या, डाग पाडणारं यूव्हीए बाजूच्या साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतं. समोरच्या काचेत मध्ये प्लास्टिकचा थर असतो म्हणून तिथं बहुतेक अडतं, बाजूच्या काचेला तसा थर सहसा नसतो. एसीमुळं भाजल्यासारखं वाटत नाही म्हणून माणूस मनतो मी सावलीतच आहे. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकवाल्याचा फोटो आला होता, २८ वर्षं गाडी चालवलेली, एक गाल नीट आणि दुसरा पार सुरकुतलेला. फक्त त्याचा डावा, कारण अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडं.

तर तुमची पहिली सवय सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा ५०, आणि पीए+++ लिहिलेलं बघून घ्या, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो आणि तुमचं दुखणं यूव्हीएचं आहे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून घ्यायचं. लोक हरभऱ्याएवढं लावतात आणि मनतात काही फरक नाही. दुपारी जेवायच्या आधी तोंड धुऊन परत एकदा. उजव्या हाताला फुल बाही. अन् ती कधीमधी सिगरेट पण सुरकुत्या वाढवते, ती सोडा.

आयुर्वेद_एके_आयुर्वेद
झालं, आले केमिकलवाले. आपले आजोबा-पणजोबा दिवसभर उन्हात नांगर हाकायचे, त्यांनी कधी ट्यूब फासली? हा सगळा पित्ताचा प्रकोप आहे. रिकाम्या पोटी चहा, बाहेरचं तिखट, अवेळी जेवण, जागरण. रोज अभ्यंग, रात्री कुंकुमादि तेल, सकाळी आवळा. चेहरा आतून उजळतो.

अंबडची_चिमणी
आजोबांचा फोटो बघा एकदा. माझे आजोबा पन्नाशीत सत्तरचे दिसायचे, अन् ते पण डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं असून.

मेडिकलवाली_ताई
तेलाला ना नाही, कोरड्या कातडीला ओल धरून ठेवायला बरंच. पण तेल काही ऊन अडवत नाही. तेल लावून हा माणूस मातीच्या रस्त्यानं शेतात उतरणार, संध्याकाळपर्यंत तोंडावर धूळ थापलेली. पुटकुळ्या आल्या की परत धागा काढेल.

आयुर्वेद_एके_आयुर्वेद
तुम्ही मेडिकल चालवता, तुम्ही ट्यूबच विकणार.

मेडिकलवाली_ताई
कुंकुमादि पण माझ्याच काउंटरवर आहे, आणि ते सनस्क्रीनपेक्षा महाग आहे.

लातूरचा_नाना
पाण्याकडं कुणाचंच लक्ष नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट थर बसतो तोंडावर, कातडी ओढल्यासारखी होते. आम्ही २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं, तेव्हा तोंड धुवायलासुद्धा विचार करायचो.

रिकामटेकडा_जालना
नाना, दर धाग्यावर रेल्वे आणता तुम्ही.

लातूरचा_नाना
तुमच्या नळाला पाणी आठ-आठ दिवस नाही आलं की कळंल.

गोदाकाठची_काकू
पाण्याचं नाना बरोबरच बोलायलेत. पण पिठाला फेस लागतच नाही, म्हणून तर मी सुरुवातीलाच साबण बंद कर मनलं होतं.

मेडिकलवाली_ताई
नानांच्या बोलण्यात तथ्य आहे. जड पाणी असंल तर साबणाऐवजी सौम्य फेसवॉश, गरम पाणी तोंडावर नको, आणि तोंड टिपल्यावर जरा ओलसर असतानाच ग्लिसरीनवालं साधं मॉइश्चरायझर. आपल्याकडं मार्च ते मे हवाच एवढी कोरडी असते की नुसत्या कोरडेपणानंसुद्धा बारीक रेघा उठून दिसतात. ह्या रेघा महिन्याभरात कमी दिसतील. आठ्या नाही जाणार, ते आत्ताच सांगते. आणि लिंबू अजिबात नको, लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात.

नवरदेव_बीड
एवढं कशाला? मेडिकलमधून गोरं व्हायची ट्यूब आणायची, चिठ्ठी बिट्ठी कुणी मागत नाही. मी हळदीच्या आधी लावली होती, पंधरा दिवसात चेहरा असा चकाचक की फोटोग्राफर बी विचारायला लागला.

मेडिकलवाली_ताई
ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन अशी तीन नावं आहेत का? त्यातलं मोमेटासोन स्टेरॉइड आहे. पहिले काही दिवस चेहरा मस्त दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या, बायकांना तोंडावर लव. बंद केली की आग आग. २०१८ ला सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. देणारे देतात, ती लाजच आहे आमच्या धंद्याला. बंड्या, तुम्ही ही आणू नका.

नवरदेव_बीड
मला तर काही झालं नाही.

अंबडची_चिमणी
बंद केली का अजून लावता?

रिकामटेकडा_जालना
गप्प झाला बगा.

फौजदार_फॅन
गाडीच्या काचेला काळी फिल्म मारून टाका, विषय संपला.

कायद्याचं_बोला
सुप्रीम कोर्टानं २०१२ ला काळ्या फिल्मवर बंदी आणली. चौकात धरलं की फिल्म फाडतात आणि पावती वेगळी.

फौजदार_फॅन
पुढाऱ्यांच्या गाड्या बघितल्या का कधी? काळ्या कुळकुळीत. त्यांची कामून नाही फाडत?

कायद्याचं_बोला
समोर-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आला पाहिजे, असा नियम आहे. तेवढी काच कंपनीतूनच आली असंल तर चालतं. पुढाऱ्यांचं त्यांना विचारा.

बांधावरचा_बंड्या
गाडी कंपनीची आहे, काचेला हात लावता येत नाही. भांडणं थांबवा. ताई, सनस्क्रीन आणलं, जेलवालं. पहिल्याच दिवशी मानवतपर्यंत पोचलो नाही तर घामासोबत डोळ्यात उतरलं, असं चुरचुरलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. अन् मिशीत पांढरं राहतंय. आता काय करू? अन् रात्री लावायची ती रेटिनॉलवाली क्रीम चालू करू का, दुकानदार मनला सुरकुत्यांवर तीच चालते.

मेडिकलवाली_ताई
डोळ्याजवळ ते जेल नका लावू, तिथं झिंक ऑक्साइडवालं लावा, स्टिकमध्ये पण मिळतं, ते कमी चुरचुरतं. भुवईच्या वर सोडून द्या, घाम तिथूनच ओघळतो. वर उन्हाचा चष्मा, यूव्ही ४०० लिहिलेला. मिशीत थोडं थोडं बोटानं जिरवा, अन् लावल्यावर पंधरा मिनिटं थांबून मग निघा. रेटिनॉल आत्ता नको. दुकानदार खोटं नाही बोलला, पण त्याला फरक दाखवायला तीन-चार महिने तरी लागतात, आणि सुरुवातीला सालपटं निघतात, तोंड लाल होतं. तसं तोंड घेऊन बघायला जाऊ नका. कार्यक्रम उरकला की चामडीच्या डॉक्टरला दाखवून चालू करा, ते काळे ठिपके पण दाखवा.

गोदाकाठची_काकू
पोरगी कुठली रे? मानवतची असंल तर मला सांग, आमचे बरेच पाव्हणे आहेत तिकडं.