मदत हवी आहे: टर्बो सी++ मधला चल्लस-आठचा गेम पुढं कशात न्यावा?

राम राम मंडळी. मी परभणी जिल्ह्यातली, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न जरा लांबलाय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

पंचमीला आत्या माहेरी आल्या की आजी ओसरीवर खडूनं पाच बाय पाचचा पट आखते आणि चल्लस-आठचा डाव रंगतो. चिंचोके दगडावर घासून अर्धे केलेले, एक बाजू पांढरी, एक काळी. हाच खेळ मी कॉलेजात शिकलेल्या टर्बो सी++ मध्ये, म्हणजे सी++ भाषेत प्रोग्रॅम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय. पंचवीस घरं, फुलीची घरं, चार रंगांच्या सोंगट्या, सगळं ग्राफिक्स डॉट एच ही त्यातली चित्रं काढायची सोय वापरून.

सगळ्यात जास्त वेळ दानानं खाल्ला. आधी मी सरळ एक ते आठमधला रँडम आकडा घेतला होता. आजी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अगं, पाच-सहा-सात कुठून आणलेस? आन् आठ इतक्यांदा पडतंय व्हय कधी?" मग चार चिंचोके वेगवेगळे टाकले. प्रत्येकाला शून्य किंवा एक, पांढऱ्यांची बेरीज करायची, बेरीज शून्य आली तर आठ. आता चल्लस (चारही पांढरे) आणि आठ सरासरी सोळात एकदाच पडतात, दोन मात्र सोळात सहा वेळा. तरीही गेम उघडला की दर वेळी तीच दानं, त्याच क्रमानं! रँडमाइझ, म्हणजे दर वेळी रँडम आकडे नव्यानं सुरू करणारी ओळ, लिहायचं राहिलं होतं. हे सगळं माझं मला सापडलं, म्हणून या कोडवर माझा जीव आहे.

अडचण अशी की टर्बो हे डॉसच्या जमान्यातलं. सी++ चं पहिलं स्टँडर्ड आलं १९९८ ला, हे त्याच्याही आधीचं. ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही, मी डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवते. स्क्रीन ६४० बाय ४८०, रंग सोळाच. तोच कोड नव्या कंपायलरला (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिला तर आयोस्ट्रीम डॉट एच या पहिल्याच ओळीला एरर. धाकट्या आत्याला गेम मोबाइलवर हवाय आणि तिला काय सांगावं मला कळेना. प्रॅक्टिकलला मात्र टर्बोच लागतं. सर मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

मामेभाऊ म्हणतो, जुनं सगळं सोड, युनिटी धर. मैत्रीण म्हणते गोडॉट. दोन्ही गेम बनवायचीच सॉफ्टवेअर. लॅपटॉप सेकंडहँड, ४ जीबी रॅमचा. नवीन शिकायची माझी तयारी आहे. पण इतके दिवस जे शिकले त्यातलं काय सोबत न्यायचं आणि काय सोडायचं, हे कुणीतरी नीट सांगा.

उत्तर, नांदेडहून

ताई, मीपण टर्बोवरच शिकलो. प्रॅक्टिकलपुरतं ते राहू द्या, गेम त्यात वाढवू नका.

आधी एक काम करा. दान, सोंगटी पुढं सरकणं, मारणं, डाव जिंकणं हे नियम वेगळ्या फंक्शनमध्ये काढा. त्यात चित्र काढायची एकही ओळ नको. एवढा भाग कुठंही नेता येतो, जुनी होते ती फक्त चित्रं काढायची पद्धत. सी सोडवत नसेल तर रेलिब बघा. २०१३ पासूनची मोफत लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, गोल काढायला एक ओळ पुरते, ग्राफिक्स डॉट एचची सवय तिथं कामी येईल.

पण आत्याबाईंना मोबाइलवर द्यायचा असेल तर माझं मत गोडॉट. एमआयटी लायसन्स आहे, रॉयल्टी द्यावी लागत नाही. जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी प्रोजेक्ट करताना 'कंपॅटिबिलिटी' निवडा. ॲपची फाइल काढायला जेडीके आणि अँड्रॉइड एसडीके ही ॲप बनवायची साधनं लागतात. त्यांचं डाउनलोड मोठं आहे, वायफायवर करा. आणि व्हिडिओ बघताना आवृत्ती तपासा. गोडॉट ४ मार्च २०२३ ला आलं, त्याआधीचे धडे जसेच्या तसे चालत नाहीत. जुन्या धड्यातला थांबून वाट बघायचा शब्द 'यील्ड' आता 'अवेट' झालाय, अशा ठिकाणी नवीन पोरं अडकतात.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, खूप आभार. आज बसून दानाचं फंक्शन वेगळं काढलं, त्यात चित्राची एक ओळ घुसलेली होती, ती हलवली. आता गोडॉट टाकते. अजून एक विचारू का? पट नव्यानं काढण्यापेक्षा आजीनं ओसरीवर आखलेल्या पटाचा वरून फोटो घेऊन तोच वापरायचाय. खडूच्या रेषा थोड्या वाकड्या आहेत. सोंगटी नेमकी घराच्या मधोमध बसवायला पंचवीस जागा हातानं नोंदवाव्या लागतील का?