सामायिक कॉम्प्युटरवर सगळ्यांना सरसकट ऑडिओ ग्रुपमध्ये टाकू नका

लालबाग_तिसरा_मजला:
आमच्या चाळीच्या अभ्यासिकेत एकच कॉम्प्युटर, उबंटू २२.०४ (लिनक्स), सहा जणांची सहा अकाउंट. सेटअप माझाच. सुरुवातीला कुणाचा माइक चालेना, कुणाचा कॅमेरा दिसेना, म्हणून मी सगळ्यांना ऑडिओ, व्हिडिओ, डायलआउट (बोर्ड, सेन्सर जोडायच्या सिरियल पोर्टचा) ग्रुपमध्ये टाकून मोकळा झालो. ज्या ग्रुपमध्ये नाव, ते डिव्हाइस कधीही उघडायची परवानगी. गेल्या आठवड्यात एक मुलगी एमपीएससी मुलाखतीचा सराव करायला बसली, तिच्या आधीच्या मुलाने लॉगआउट न करता नुसतं युजर स्विच केलं होतं आणि त्याचा रेकॉर्डर मागे चालूच. तिला माइक बिझी दाखवतोय म्हणून ती तशीच बोलत राहिली आणि तिचं सगळं बोलणं त्याच्या फोल्डरमध्ये. त्याने मुद्दाम केलं नाही, स्वतःहून येऊन सांगितलं. पण दार उघडं मी ठेवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच की माइक-कॅमेरा त्याचा, जो आत्ता खुर्चीत बसलाय. सिस्टमडीचं लॉगिनडी, म्हणजे लॉगिन सांभाळणारा सिस्टमचा भाग, हेच करतं, चालू सेशनवाल्याच्या नावाने डिव्हाइसवर एसीएल (त्या एका युजरपुरती परवानगी) लावतं आणि स्विच झालं की काढतं. पल्सऑडिओ (आवाज सांभाळणारा प्रोग्राम) हेही परवानगी गेली की साउंड कार्ड सोडतं. ग्रुपमध्ये नाव असेल तर परवानगी जातच नाही, सगळी व्यवस्था फुकट. वर वायफायवरून एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून) आत आलेला माणूससुद्धा खोलीतलं बोलणं ऐकू शकतो.

सेंट्रल_लाइन:
दादा, झालं ते वाईटच, पण दोष ग्रुपला देऊ नका. मी कॉलेजची लॅब सांभाळतो. ग्रुपची यादी एका फाइलमध्ये असते, कोण कुठे आहे कुणालाही वाचता येतं. तुमचा एसीएल कुणाला दिसतो? फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडमध्ये परवानग्यांच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह येतं, बस, पुढे एसीएल बघायला गेटएफएसीएल ही कमांड चालवावी लागते हे किती जणांना माहितीये? आणि जिथे खुर्चीच नाही तिथे काय? आमच्या बिल्डिंगच्या टाकीवर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लावलाय, पाण्याची पातळी सिरियल पोर्टवरून वाचतो, तिथे कुणी लॉगिन करतच नाही.

लालबाग_तिसरा_मजला:
टाकीचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. पण तिथेही त्या सर्व्हिससाठी वेगळा युजर करा आणि ग्रुप त्यालाच द्या, माणसांना कशाला. यादीबद्दल मात्र ऐका. ग्रुपमध्ये असताना एखाद्याने आपल्याच एका प्रोग्रामचा ग्रुप ऑडिओ करून त्याला सेटजीआयडी बिट (चालताना प्रोग्रामला त्याच्या ग्रुपचे अधिकार देणारी खूण) लावला, तर नंतर तुम्ही त्याचं नाव काढलंत तरी तो प्रोग्राम माइक उघडतच राहतो. म्हणजे यादी कोरी दिसते आणि परवानगी शिल्लक असते, मग ती वाचून काय उपयोग?

दादर_फास्ट:
एवढी भानगड कशाला, सीएचमॉड ६६६ (सगळ्यांना वाचायची-लिहायची परवानगी) मारा की पोर्टवर. मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्वस्तातला अर्डुइनो नॅनो बोर्ड असाच वापरतो.

सेंट्रल_लाइन:
अरे भावा, केबल काढून परत लावली की डिव्हाइस नवीन बनतं, तुझं ६६६ गेलं. आणि तोवर मशीनवरचा प्रत्येक जण त्या बोर्डवर लिहू शकतो. हे तरी करू नकोस.

लालबाग_तिसरा_मजला:
यूदेवचा (डिव्हाइस जोडलं की नियम लावणाऱ्या भागाचा) नियम लिही. त्या नॅनोवर बहुतेक सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप असेल, वेंडर १ए८६, प्रॉडक्ट ७५२३, एकदा एलएसयूएसबी कमांडने खात्री कर. या जोडीला यूअ‍ॅक्सेस टॅग (खुर्चीतल्याला परवानगी द्या, अशी खूण) लाव. फाइलचं नाव ७० ने सुरू कर, कारण टॅग बघून एसीएल लावायचं काम ७३ नंबरच्या सीट-लेट फाइलमध्ये होतं, ९९ नाव दिलंस तर टॅग उशिरा लागतो आणि काहीच होत नाही. माझी यात अख्खी संध्याकाळ गेलीये.

कोळीवाडा_रात्रपाळी:
दोघांनाही एक विचारतो. एसीएल काढला तरी ज्या प्रोग्रामने डिव्हाइस आधीच उघडलंय त्याच्या हातातून ते सुटत नाही. परवानगी फक्त उघडताना तपासली जाते. त्या मुलाने पल्सऑडिओऐवजी थेट अल्सा या खालच्या ऑडिओ यंत्रणेवरून एरेकॉर्ड (रेकॉर्डिंगची कमांड) चालवलं असतं तर लालबागवाल्यांच्या पद्धतीतही त्या मुलीचा आवाज गेलाच असता. मग?

लालबाग_तिसरा_मजला:
बरोबर आहे, हे भोक आहे आणि मी ते नाकारत नाही. म्हणूनच स्विच युजरच बंद करणार, उठताना लॉगआउट केलंच पाहिजे, आणि लॉगआउटबरोबर त्या युजरचे सगळे प्रोसेस मारायची सेटिंग लॉगिनडीत आहे ती चालू करणार. पण एक भोक राहतं म्हणून अख्खं दार काढून ठेवायचं हे मला पटत नाही. तिथे आपली पोरं बसतात.

सेंट्रल_लाइन:
डायलआउट मी लॅबमध्ये ठेवणारच, पोरं एसएसएचवरून बोर्डवर प्रोग्राम चढवतात, त्यांना खुर्चीचा नियम लागू होत नाही आणि सिरियल पोर्टवरून कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. ऑडिओ, व्हिडिओ आणि इनपुट (कीबोर्ड-माउसचा ग्रुप) मात्र उद्याच काढतो. इनपुटमध्ये दोन जण निघाले, म्हणजे त्यांना मशीनवरची प्रत्येक की वाचता येत होती, वेलँड (नवी, जास्त सुरक्षित डिस्प्ले व्यवस्था) असो नाहीतर काही. तुम्ही नावं काढताना जीपासवडी मायनस डी (gpasswd -d) वापरा. युजरमॉड कॅपिटल जी (usermod -G) वापरताना सोबत ए (-a) विसरलात तर बाकीचे सगळे ग्रुप जातात, अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडोसकट.

लालबाग_तिसरा_मजला:
ते माहितीये, तरी बरं सांगितलंत. सहाही नावं आज रात्रीच काढतो. ते रेकॉर्डिंग काल तिच्यासमोर आणि त्या मुलासमोर डिलीट केलं.