अनुभव: ती एक बंदूक, जिने तुमचं डोकं फिरवलं

आळशी_मगर
काल रात्री साडेदहाला आतल्या खोलीतून भाचा ओरडला, "भिंतीतून मारतोय रे, याला काय अर्थ आहे!" पाठोपाठ हेडफोन आपटल्याचा आवाज. ताई म्हणाली, बघ जरा तुझ्या लाडक्याला काय झालं.

व्हॅलोरंट हा बंदुकांचा ऑनलाइन गेम चालू होता, असेंट मॅप. समोरच्या टीमचा एक जण सोवा या पात्राचा टेहळणीचा बाण टाकायचा, भिंतीपलीकडे कोण उभंय ते दिसलं की शंभर गोळ्यांची ओडिन मशीनगन त्या भिंतीवरच रिकामी करायचा. भाच्याच्या हातात (गेममधल्या पैशांत) २९०० ची वँडल रायफल, रोज तासभर नेमाची प्रॅक्टिस, आणि हा गडी ३२०० ची ओडिन घेऊन भिंतीला पाणी मारल्यासारखा फवारतोय. "मामा, स्किल काहीच नाही, नुसती गन आहे."

हे वाक्य मी वीस वर्षांपूर्वी अगदी याच सुरात म्हटलेलं आहे.

२००५, सांगली, विश्रामबागेतला एक कॅफे. बारा पीसी, तासाला पंधरा रुपये, चपला बाहेर. दारावर स्केचपेनने लिहिलेलं: 'ऑटो स्नायपर बंद. शील्ड बंद. शिव्या हळू.' काउंटर स्ट्राइक १.६ मध्ये आम्ही बंदुकीचं नाव वाचायचोच नाही, बोटं आपोआप चालायची. सीटी (काउंटर टेररिस्ट) असलो की खरेदीच्या यादीत बी-४-६ म्हणजे मॅग्नम, आपली ऑप, एका गोळीत आडवा करणारी स्नायपर. टेररिस्टच्या यादीत मात्र ऑप पाचवी आणि सहावीला ऑटो स्नायपर. एकदा टीम बदलली, बोटांना ते कोण सांगणार, दाबलं बी-४-६. ५००० गेले आणि हातात ती बंदी असलेली बया. आता घेतलीच आहे तर म्हणून डस्ट टू मॅपच्या लाँगवर (लांब रस्त्यावर) उभा राहिलो आणि धाड धाड धाड तिघे. बोल्ट ओढायचा नाही, थांबायचं नाही, नुसतं दाबत राहायचं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

अख्खा कॅफे माझ्याकडे वळला. कॅफेवाला दादा काउंटरवरून उठला, शांतपणे आला, माझ्या मॉनिटरचं बटण दाबून बंद केलं आणि परत जागेवर जाऊन वही लिहायला लागला. दोन राउंड मी काळ्या स्क्रीनसमोर हात मांडीवर ठेवून बसलो होतो. तासाचे पैसे पूर्ण घेतले.

भाच्याच्या त्या ओडिनवाल्याचा मॉनिटर कोण बंद करणार? तो कुठे बसलाय तेच माहीत नाही.

तर मंडळी, तुम्हाला छळलेली बंदूक कोणती? किंवा तुम्ही कुणाला छळलंत? खरं सांगा.

जिरेगोळी
शील्ड!!!! २२०० रुपयात माणूस दार होतो दार. आमच्यातला एक जण शील्ड धरून बॉम्ब साइटच्या कोपऱ्यात बसायचा, हातात पिस्तूल. पाच जण मिळून गोळ्या घालतोय आणि नुसता टण टण आवाज. आता बँकेत लोन सेक्शनला आहे. अजून तसाच आहे.

खडूस_काका
> शिव्या हळू
हे सगळ्यात आवडलं 😂

कोरांटी
मी कधी लिहीत नाही पण यावर लिहिणारच. लॉकडाऊनमध्ये आमचं घरचं स्क्वॉड होतं पबजी मोबाइलचं. मी, हे, धाकटे दीर आणि जाऊबाई. सगळे एकाच हॉलमध्ये, चार कोपऱ्यात चार मोबाइल. एडब्ल्यूएम स्नायपर तेव्हा फक्त एअरड्रॉपमध्ये (विमानातून पडणाऱ्या पेटीत) मिळायची, वीस गोळ्या बरोबर, संपल्या की पुढच्या ड्रॉपची वाट बघा. लेव्हल तीनचं हेल्मेट घालून बसलेला पण एका गोळीत आडवा. तर ड्रॉप पडला की भाऊजी जीप घेऊन सुसाट. आम्ही कव्हर द्यायचं, मरायचं, आणि बंदूक कायम भाऊजींकडे. का तर "वहिनी तुम्हाला आठचा स्कोप सांभाळता येत नाही."

एकदा त्यांना नॉक केलं (जखमी करून पाडलं) कुणीतरी. म्हणाले वहिनी लवकर रिव्हाइव्ह करा. मी म्हटलं आधी बंदूक टाका. नॉक झालेल्याला बंदूक टाकता येत नाही म्हणे. मग काय, मी झाडामागे बसून वाट बघितली. ते मेले, पेटी पडली, मी एडब्ल्यूएम उचलली. जाऊबाई एवढ्या हसल्या की त्याही मेल्या. भाऊजी दोन दिवस जेवताना माझ्याशी बोलले नाहीत, सासूबाईंना वाटलं खरंच काहीतरी बिनसलं.

२०२० ला १ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, बाप्पा गेले आणि २ तारखेला पबजीवर बंदी आली. घर इतकं रिकामं वाटलं की बास.

मी_परत_आलो
कोरांटीताई दंडवत _/\_ झाडामागे बसून वाट बघितली हे तर कादंबरीत शोभेल

जिरेगोळी
पण मग चिकन डिनर (पहिला नंबर) मिळालं का ते सांगा

कोरांटी
नाही हो. पहिलीच गोळी चुकली. माझा आवाज ऐकून दोघं आले. भाऊजींचं खरंच होतं, स्कोप सांभाळता येत नाही. पण हे त्यांना सांगू नका कुणी.

लोखंडी_तवा
इंजिनिअरिंग हॉस्टेल, २००७. एकोणीस मुलं, एक स्विच, कॉरिडॉरभर लॅनच्या वायरी, वॉर्डन आला की वायरवर सतरंजी. आमच्याकडे ऑपवर बंदी घालायची चळवळ झाली होती, अक्षरशः मीटिंग घेऊन मतदान. मी विरोधात होतो (कारण मी ऑपर). माझा मुद्दा आजही तोच आहे. ऑपचा समतोल गोळीत नाही, खिशात आहे. ४७५० ला ती एक बंदूक. तेवढ्यात एके अधिक बुलेटप्रूफ अधिक बॉम्ब येतात, कारण एके २५०० ची. ऑप घेऊन मेलात की दोन राउंड भिकारी, शिवाय ती बंदूक शत्रूच्या हातात फुकट. एवढी रिस्क घेणाऱ्याला कमरेच्या वर एका गोळीत मारायचा हक्क असायलाच पाहिजे.

पुढे सीएस:गोमध्ये (काउंटर स्ट्राइकचा नंतरचा गेम) तर मारल्याचं बक्षीसही कापलं, एकेने मारलं तर ३००, ऑपने फक्त १००. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मॅगझीन दहाची पाच केली. तरी लोक रडतातच.

रानभोपळा
तवासाहेब, ऑपर मंडळींचा हा युक्तिवाद आम्ही पण वीस वर्षं ऐकतोय. तुमचा खिसा रिकामा होण्याआधी आमची कवटी रिकामी होते त्याचं काय? आणि ते क्यू-क्यू दाबून पटकन दुसरी गोळी मारायचे ते? डस्ट टूच्या डबल दरवाजाच्या फटीतून राउंड सुरू झाल्या झाल्या एकदा तरी मेला नाही असा माणूस दाखवा.

मतदानाचा निकाल काय लागला?

लोखंडी_तवा
अकरा विरुद्ध आठ, बंदी. चार दिवस टिकली. मग मेसचं बिल कुणी भरायचं यावरून दोन गट पडले आणि विषय मागे गेला.

सुगरण_नाही_मी
माझा मुलगा आठवीत. बीजीएमआयमध्ये (पबजीचा भारतातला अवतार) एम४१६ रायफलवर ग्लेशियर की काय ते पांढरं कव्हर घ्यायचंय म्हणून दहा दिवस डोकं खातोय. म्हणतो सगळ्यांकडे आहे, त्याने गोळी जास्त लागते. खरं आहे का? किती पैसे जातात असल्यात?

मी_परत_आलो
ताई बीजीएमआयमध्ये रंगाने गोळी जास्त लागत नाही. दिसायला भारी, बाकी बंदूक तीच. तुमच्या खिशाला लागेल तेवढीच.

चतकोर_भाकरी
त्यात नाही, पण दुसऱ्या एका गेममध्ये स्किनवर (बंदुकीच्या कव्हरवर) चक्क लिहिलेलं असतं, डॅमेज अधिक, वेग अधिक. माझ्या पुतण्याने सुट्टीत रोज त्यापायी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणायचा काका, त्याच्याकडे पैसेवाली आहे म्हणून मी मेलो. तेव्हा मी त्याला म्हटलं, हरणाऱ्याचे बहाणे असतात. नंतर स्वतः खेळून बघितलं आणि गपचूप माफी मागितली.

सुगरण_नाही_मी
धन्यवाद दोघांचे. आता त्याला हे वाचूनच दाखवते. (कुकर लावलाय, परत येते)

पाचगणीचा_उंट
हे सगळं वाचून मला पतंग आठवले. आमच्या वाड्यात आम्ही काच कुटून, शिरस उकळून, खांबांना दोरा गुंडाळून मांजा करायचो. बोटं चिरायची. एका संक्रांतीला शेजारच्या गच्चीवरच्या पोराने नायलॉनचा आणला. तुटतच नाही! आमचे सतरा पतंग कापले त्याने दुपारपर्यंत, आणि ढील द्यायची का खेच करायची एवढंही त्याला येत नव्हतं. ओडिनवालाच तो. त्या मांजाने पुढे पक्षी आणि माणसांचे गळे कापले जायला लागले, बंदी आली, तरी चोरून विकतातच. विषय भरकटला, माफी.

खडूस_काका
शिरस!! काय वास यायचा त्याचा. आई घरात घ्यायची नाही.

न्यूजर्सीकर_बंडू
२००९ चा कॉल ऑफ ड्यूटीचा मॉडर्न वॉरफेअर २ कुणीच काढला नाही? मॉडेल १८८७ शॉटगन, दोन्ही हातात एकेक. शॉटगन म्हणजे जवळून मारायची ना, ही अर्ध्या मॅपवरून मारायची. मी स्नायपर घेऊन गच्चीवर, आणि खालून रस्त्यावरून एक जण दोन शॉटगन घेऊन पळत येतो आणि मीच आडवा. एका पॅचने (दुरुस्तीच्या अपडेटने) भागलंसुद्धा नाही. नवीन आलेलो अमेरिकेत, ओळखीचं कुणी नाही, बाहेर बर्फ, शनिवारची करमणूक एवढी एकच, आणि तीही अशी. शेवटी मीही त्याच घेतल्या. त्या दिवशी लॉबीतल्या पोरांनी ज्या शिव्या दिल्या त्यातून माझं अमेरिकन इंग्रजी सुधारलं.

गुळपोळी_कडक
मी तीन वर्षं एका गेम स्टुडिओत टेस्टिंग केलंय (नाव नाही सांगत). एवढंच सांगते, तुम्हाला जी बंदूक अन्याय वाटते ती आकड्यात बऱ्याचदा साधी निघते. नवख्यांच्या गर्दीत शॉटगन आणि फवारणीवाल्या बंदुका राज्य करतात कारण कुणाला अंतर राखता येत नाही. वरच्या रँकला त्याच बंदुकीला कुणी हात लावत नाही. मग कमी करायची कुणासाठी? खालच्यांसाठी केली तर वर मेलीच, नाही केली तर खालचे गेम सोडून जातात. आमच्याकडे एकदा एका रायफलचं डॅमेज न बदलता नुसता आवाज जड केला होता. तक्रारी आल्या, ओपी (अति ताकदवान) झाली म्हणून.

रानभोपळा
आवाज जड केला 😳 म्हणजे आम्ही सगळे वेडे

गुळपोळी_कडक
वेडे नाही हो. कान पण खेळतात.

चतकोर_भाकरी
सीएस:गोचं २०१५ चं डिसेंबर विसरलात का? आर८ रिव्हॉल्व्हर आली, ८५० रुपयांचं पिस्तूल आणि अंगावर एक गोळी की खेळ खल्लास. नाइट शिफ्ट करून सकाळी आठला बसलो, चहा बाजूला. दहाच्या दहा जणांच्या हातात तेच. आम्ही सगळेच हसत होतो, शत्रूपक्षसुद्धा. चिडायला कुणी उरलंच नव्हतं. थोड्याच दिवसांत दुरुस्त केली, तर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

जिरेगोळी
मगरराव, भाचा कोणता माउस वापरतो? माझ्याच्या क्लिकला डबल क्लिक पडतंय, दोन हजारच्या आत काही सुचवा

लोखंडी_तवा
आत फुंकर मारून बघितलीत का आधी

जिरेगोळी
फुंकर मारली, स्पिरिट लावलं, नारळ फोडायचाच बाकी आहे

आळशी_मगर
वा, सकाळी धागा टाकून बँकेत गेलो होतो, आता बघतोय तर जत्रा.
@जिरेगोळी त्याला विचारून सांगतो.
@कोरांटी तुमचा किस्सा ताईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली योग्यच केलं.
आणि हो, सांगलीच्या त्या कॅफेच्या जागी आता झेरॉक्स आणि पॅन कार्डचं दुकान आहे. दादाच बसतो. मागच्या दिवाळीत गेलो होतो, ओळख दिली तर म्हणाला, "तू ऑटोवाला ना?"

आणि ताजी बातमी. आत्ता भाच्याला हा धागा दाखवायला गेलो तर दार आतून बंद. आत धडधडधडधड एक लांबलचक आवाज चालू आहे आणि साहेब गालातल्या गालात हसतायत, दाराबाहेर ऐकू येतंय. शंभर गोळ्या मोजल्या मी.