ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन: मराठी शब्द हवे आहेत

पारिजातक
आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वाचनालयात जुन्या संगीत नाटकांच्या डीव्हीडींचा चांगला संग्रह आहे आणि दर आठवड्याला त्यांपैकी एक दाखवली जाते. प्लेअर सभासद स्वतःच चालवतात. चित्राची सेटिंग मात्र इंग्रजीत असल्यामुळे कोणीतरी अंदाजाने ती बदलतो, आणि पुढच्या वेळी सगळी पात्रे शेंदूर फासल्यासारखी दिसतात. यावर उपाय म्हणून मी एक पानभर मराठी सूचनापत्रक लिहायला घेतले आहे.

पहिल्या दोन शब्दांपाशीच अडले आहे. कॉन्ट्रास्टला संगणकीय अनुवादाने 'विरोधाभास' सुचवले, पण तो आपण शाळेत शिकलेला अलंकार आहे. मी 'तफावत' लिहिले, तर मंडळातील एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले की तफावत हिशोबात निघते, चित्रात नाही. ब्राइटनेसला 'उजळपणा', सॅच्युरेशनला 'रंगांचा गडदपणा', ह्यूला 'रंगछटा' आणि शार्पनेसला 'रेखीवपणा' असे मी योजले आहे. हे शब्द वाचकांना कसे वाटतात, ते कृपया कळवावे.

दिवाकर
शिक्षकांचा आक्षेप मला पटत नाही. 'तफावत' हा अरबीतून आलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ अंतर, फरक एवढाच आहे. हिशोबाशी त्याची सांगड आपण नंतर घातली. 'गडदपणा' मात्र कृपया वापरू नये. गडद निळा म्हणजे काळ्याकडे झुकणारा निळा, आणि सॅच्युरेशन वाढवल्याने रंग काळपट होत नाही, त्यातील करडेपणा जाऊन तो अधिक शुद्ध होतो. शालेय रसायनशास्त्रात आपण 'संपृक्त द्रावण' शिकलोच आहोत, तेव्हा 'संपृक्तता' हा शब्द तयार असताना दुसरा शोधण्याचे कारण दिसत नाही.

वीजतंत्री
मी बरीच वर्षे टीव्ही आणि प्लेअर दुरुस्त केले आहेत. शब्द ठरवण्यापूर्वी ते बटण नेमके काय करते हे पाहावे, असा माझा आग्रह आहे, कारण नावावरूनच लोक बटण फिरवतात.

ब्राइटनेस हे चित्र लख्ख करण्याचे साधन नाही. चित्रातील काळा रंग किती काळा दिसावा, हे त्याने ठरते. ते वाढवले की काळा रंग राखाडी होतो आणि सगळ्या चित्रावर धुके पसरते. फार कमी केले की अंधारातील तपशील काळ्यात बुडून जातो. कॉन्ट्रास्टचा परिणाम मुख्यतः पांढऱ्या बाजूवर होतो. आपल्या नाटकांच्या डीव्हीडींवर हे ताबडतोब तपासता येते. एखाद्या पात्राचा काळा कोट पाहावा. त्याची कॉलर आणि खिशाची शिवण जेमतेम ओळखू येईल, तरीही कोट काळाच राहील, इतपत ब्राइटनेस ठेवावा. मग पांढऱ्या धोतराकडे पाहावे. निऱ्या दिसेनाशा होऊन नुसता पांढरा ठिपका उरला असेल, तर कॉन्ट्रास्ट कमी करावा. एक बदलले की दुसऱ्यावर थोडा परिणाम होतो, म्हणून पुन्हा एकदा कोट पाहावा लागतो.

'उजळपणा' असे छापल्यास चित्र अंधुक वाटले की प्रत्येक जण तेच वाढवणार आणि चित्र आणखी फिके होणार. माझ्या मते पत्रकात 'काळ्याची पातळी' आणि 'पांढऱ्याची पातळी' असेच लिहावे.

सई कुडाळकर
वीजतंत्री यांचे म्हणणे व्युत्पत्तीनेही खरे ठरते. 'उजळ' हा 'उज्ज्वल'पासून आला आहे, परंतु मराठीत 'उजळणे' म्हणजे उजेड वाढवणे एवढेच नव्हे. आपण भांडी उजळतो, म्हणजे त्यांच्यावरची काळिमा काढून मूळची चकाकी परत आणतो. ज्या बटणाने चित्रावर धुक्याची पुटे चढतात त्याला 'उजळपणा' म्हणणे, म्हणजे शब्दाच्या नेमक्या उलट अर्थ लावणे होय. आमच्याकडे उजेडाला 'उजवाड' म्हणतात. आजी कंदिलाची वात वर करताना 'उजवाड वाढय' असे म्हणत असे. तो शब्द ब्राइटनेसला फार जवळचा आहे, पण घाटावरच्या वाचकांना तो कितपत कळेल, याविषयी मला शंका आहे.

रंगरेषा
कॉन्ट्रास्टसाठी चित्रकारांकडे पूर्वीपासून एक शब्द आहे आणि तो अजून कोणीच सुचवला नाही, याचे आश्चर्य वाटते. तो शब्द म्हणजे 'उठाव'. कलाशाळेत आमचे शिक्षक चित्रासमोर उभे राहून 'या आकृतीला उठाव नाही' असे सांगत. याचा अर्थ, आकृती आणि पार्श्वभूमी यांच्या गडद-फिक्यात पुरेसे अंतर नाही. साडीच्या दुकानातही 'या रंगावर जर उठून दिसते' असे म्हणतात. 'उठाव वाढवा, उठाव कमी करा' हे कोणत्याही सभासदाला समजेल. सॅच्युरेशनलाही 'संपृक्तता' कशाला? त्याला 'रंगांचा भडकपणा' म्हणावे.

दिवाकर
'उठाव' म्हटले की वाचकाला १८५७ आठवते, आणि बाजारात मालाला उठाव असतो तो निराळाच. परिभाषेतील शब्दाला एकच अर्थ असावा, हा नियम आपण सोडला तर परिभाषा उरणारच नाही. 'भडक' ही तर सरळ निंदा आहे. बटण निम्म्याहून खाली असतानाही त्याला भडकपणा म्हणायचे काय? सावरकरांनी 'चित्रपट' आणि 'दिग्दर्शक' हे शब्द रूढ करण्याचा प्रयत्न केला तेव्हा तेही अनेकांना कृत्रिमच वाटले असतील. आज त्यांच्यावाचून आपले पान हलत नाही. 'संपृक्तता' आणि 'वर्णछटा' हे शब्द वापरले गेले नाहीत, तर ते रूढ तरी कसे होणार?

रंगरेषा
'चित्रपट' रूढ झाला, कारण 'चित्र' आणि 'पट' हे दोन्ही शब्द लोकांच्या तोंडी आधीपासूनच होते. 'संपृक्त' कोणाच्या तोंडी आहे? आणि एकाच शब्दाचे अनेक अर्थ हा दोष मानला, तर मराठीतील निम्मी क्रियापदे टाकून द्यावी लागतील.

हडसनकाठ
मी अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि वेगळे मत मांडतो. रिमोटवर आणि पडद्यावर इंग्रजी नावेच दिसणार आहेत, म्हणून पत्रकातही 'ब्राइटनेस', 'कॉन्ट्रास्ट' हीच नावे देवनागरीत लिहावीत आणि खाली काम समजावून सांगावे. 'स्टेशन' आणि 'टेबल' यांनी मराठीचे काही बिघडले नाही. तसेच ह्यूला एवढे महत्त्व कशासाठी, हे मला समजले नाही. इकडच्या जुन्या टीव्हींवर चेहरे हिरवे किंवा जांभळे दिसू लागत, म्हणून ते बटण सतत लागायचे. भारतात कोणी ते फिरवल्याचे मला आठवत नाही.

वीजतंत्री
याचे कारण प्रसारणपद्धतीत आहे. अमेरिकेत एनटीएससी होती, आपल्याकडे पाल होती. दोन्हींत रंगाची जात संकेताच्या फेजवर, म्हणजे त्याची लहर किती पुढे-मागे आहे यावर, ठरते. वाटेत फेज सरकली की एनटीएससीमध्ये रंगच बदलतो. पालमध्ये एका आड एक रेषेला ती फेज उलटवलेली असते. लागोपाठच्या दोन रेषांची सरासरी घेतली की चूक परस्पर फिटते, आणि रंग फार तर थोडा फिका होतो. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले ते याच पद्धतीने, आणि म्हणून मराठी घरांत ह्यूला शब्द घडण्याची वेळच आली नाही. डीव्हीडीमध्ये तर प्रसारणाचा प्रवासच नसतो, म्हणून ते मधोमध ठेवून विसरून जावे.

त्यापेक्षा पत्रकात पडद्याच्या आकाराविषयी लिहिणे अधिक गरजेचे आहे. जुन्या नाटकांचे चित्रण चारास तीन या प्रमाणात असते आणि आजचा टीव्ही सोळास नऊचा असतो. चित्र ताणून पडदा भरला की प्रत्येक नट आडवा सुटतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर ते बिघाडाचे लक्षण नाही, हे ठळक अक्षरांत छापावे.

पारिजातक
सर्वांची आभारी आहे. आकाराविषयीची सूचना नक्की घालते. कॉन्ट्रास्टसाठी 'उठाव' मला आवडला आहे. ब्राइटनेसचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, कारण 'काळ्याची पातळी' असे वाचल्यावर ती वाढवली म्हणजे चित्र अधिक काळे होईल, असाच समज होईल. शिवाय पत्रकाच्या शीर्षकात 'सेटिंग'ला काय लिहावे? 'चित्राची मांडणी' कानाला बरे वाटत नाही.

सई कुडाळकर
'मांडणी' नकोच, ती स्वयंपाकघरात असते. शीर्षक 'चित्र कसे लावावे' असे द्यावे. मराठीत तंबोरा लावतात, स्वर लावतात, घड्याळ लावतात. योग्य जागी आणून ठेवणे या अर्थाचे इतके समर्थ क्रियापद दुसरे नाही.

दिवाकर
'चित्र लावणे' म्हणजे भिंतीवर टांगणे. 'सिनेमा लावणे' याचाही अर्थ तो सुरू करणे असाच होतो, आणि सभासद तेवढेच समजतील. तंबोऱ्याचेच उदाहरण घ्यायचे तर 'जुळवणे' अधिक नेमके आहे: 'चित्रजुळणी'.

रंगरेषा
'जुळणी' म्हटले की छापखान्यातील खिळ्यांची जुळणी आठवते. एका शब्दाला एकच अर्थ, हा आपला नियम येथेही लावावा लागेल.

सई कुडाळकर
दिवाकरजी, गायकमंडळींत दोन्ही शब्द चालतात, परंतु माझ्या ऐकण्यात त्यांत भेद आहे. तारा एकमेकींशी जुळवतात आणि तंबोरा गायकाच्या स्वरात लावतात. वीजतंत्री यांनी सांगितलेली कृतीही तशीच आहे. काळे आणि पांढरे ही एकमेकांशी जुळवायची, आणि मग चित्र त्या खोलीच्या उजेडाप्रमाणे लावायचे. हा भेद इतर कोणी ऐकला असल्यास, विशेषतः किराणा घराण्यात शिकलेल्यांनी, अवश्य लिहावे.